छातीचं ऑपरेशन

* छातीचं ऑपरेशन : येथे अभिप्रेत आहे ती स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया. तीत ग्रंथी, चरबी आणि जादा त्वचा काढतात. मान-खांदे दुखणे, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर पडलेले वळ, स्तनांखाली घामाने उठणारे पुरळ ही तिची नेहमीची कारणे. नुसत्या ‘लिफ्ट’मध्ये जादा त्वचा तेवढी कापून ओघळलेला स्तन वर घेतात, वजन फारसे घटत नाही. स्तनाग्र मात्र दोन्हींत वर सरकवतात. उलट्या ‘टी’सारखा व्रण राहतो तो बहुधा अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट वाइज यांनी १९५६ साली मांडलेल्या आराखड्यामुळे, तो ब्रा शिवण्याच्या नमुन्यांवरूनच बेतलेला होता. पुढे बाळाला अंगावर पाजायचे असल्यास आधीच सांगावे लागते, कारण स्तन लहान केल्यावर दूध कमी येऊ शकते. — संपा.