पोटातली नळी सरकते तेव्हा

किडनी निकामी झाल्यावर पोटातून, घरच्या घरी डायलिसिस करता येतं. सिएटलच्या हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ साली पोटात कायम राहणारी मऊ सिलिकॉनची नळी आणली. त्याआधी बहुधा दर वेळी पोटाला नवं छिद्र पाडावं लागे. पण नळीचं टोक ओटीपोटातून वर सरकलं की पाणी आत जातं, बाहेर नीट येत नाही. कारण कित्येकदा साधं बद्धकोष्ठ! टोरांटोत नळीला चकत्या लावल्या, ट्वार्डोव्स्कींनी हंसाच्या मानेसारखा बाक दिला. तरी ती सरकतेच. कधी जुलाबाच्या औषधाने जाग्यावर येते, नाहीतर शस्त्रक्रिया. केंद्राच्या डायलिसिस योजनेत २०१९ पासून ही पद्धतही आहे. मी एवढंच विचारतो, तालुक्याला सरकलेली नळी ओळखणारं कोण बसवलंय?