चौऱ्यांशीच्या शिळेवरची नावे

पंढरीच्या देवळात चौऱ्यांशीचा लेख म्हणून एक शिळा आहे. तिला पाठ लावली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असे वाडवडील सांगत आले. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी तिला पाठ घासली, हात फिरवला, आणि त्यानेच तिच्यावरची पुष्कळ अक्षरे झिजून गेली. ती अक्षरे काय सांगत होती, हे घासणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ती आपल्यासारख्यांचीच नावे होती. लेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातला. रामदेवराव यादवाचे राज्य होते. लेखात राजाचे नाव आहे, हेमाद्रि पंडिताचे आहे. पण त्यांच्या जोडीला विठ्ठलाच्या देवळासाठी यथाशक्ति द्रव्य देणाऱ्या लहानमोठ्या भाविकांची यादी आहे. राजाला त्या लेखात पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटले आहे. फड हा शब्द आपण रोज वापरतो. तो सातशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे हे कळले की अंगावर काटा येतो. माउलींचा जन्म शके ११९७ चा धरला, तर हा लेख कोरला जात होता तेव्हा माउली पाळण्यात होते. नामदेवराय बालवयात होते. ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून पंधरा वर्षे होती. म्हणजे संतांची मांदियाळी जमण्याआधी पंढरीत कोण येत होते, काय देत होते, याचा हा पुरावा. आणि एका भाविकाच्या पाठीखाली दुसऱ्या भाविकाचे नाव पुसले जात होते.

यात कोणाचा दोष काढावा असे मला वाटत नाही. आपली भक्ती स्पर्शाची आहे. पायरीला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा, उराउरी भेटायचे. पण दगडाला हात लावणे वेगळे आणि दगड वाचणे वेगळे.

याच सोलापूर जिल्ह्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतला आद्य लेख हाच की अक्षीचा की श्रवणबेळगोळचा, हा विद्वानांचा वाद आहे. तो त्यांच्याकडे राहू द्या. मला भावते ते त्या लेखाचे म्हणणे. जो हे वाचील तो विजयी होईल, असा आशीर्वाद त्यात आहे. कोरणाऱ्याने फळ ठेवले आहे ते वाचणाऱ्यासाठी! तिथेच तीनशे एकोणसाठ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. आपली भीमा पंढरी सोडून पुढे जाते ती या संगमाकडे. पण चंद्रभागेत स्नान करणाऱ्यांपैकी किती जण पुढे तिथवर गेले असतील?

इतके लांब तरी कशाला? माउलींची पालखी या जिल्ह्यात शिरली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम होतात. वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचे देऊळ आहे, यादवकाळचे मराठी शिलालेख आहेत. लाखोंचा समाज रात्रभर तिथे उतरतो. स्वयंपाक, हरिपाठ, कीर्तन, पहाटे निघण्याची घाई. लेखापुढे उभा राहिलेला वारकरी मला क्वचितच दिसला. देवळापुढचे वीरगळ, सतीशिळा यांना शेंदूर फासून आपण त्यांचे म्हसोबा करतो, किंवा टाळ-पखवाज टेकवायला वापरतो.

कोणी म्हणेल, बुवा, नामापुढे दगडाचे काय घेऊन बसलात? संतांनीच दगडाधोंड्यांचे देव खोटे ठरवले ना? खरे आहे. पण संतांनी टीका केली ती भावावाचून केलेल्या पूजेवर. मागच्या भक्ताच्या आठवणीवर त्यांनी टीका केल्याचे मला आढळले नाही. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाखाली गेले, तर नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापुढे समाधी केली, असे परंपरा सांगते. आठवण ठेवण्याची जागा त्यांनीही राखलीच. शके ११५९ च्या होयसळ सोमेश्वराच्या संस्कृत-कानडी लेखात भीमरथीकाठचे पंडरगे आणि पुंडरीकाचे नाव येते. आमचा देव जुना, असे आपण कीर्तनात छातीठोक सांगतो. तिथीवार दाखला देतो तो दगडच.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होते ते जीर्णोद्धाराच्या नावाखाली, आणि तेही श्रद्धेने. सप्ताहांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हेच पाहत आलो. वर्गणी निघते, जुने दगडी देऊळ ऑइलपेंटने रंगते, खांबांवर चकचकीत फरशी चढते, कोरीव शिळा नव्या ओट्याच्या पायात जाते. वर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. सातशे वर्षांपूर्वीच्या देणगीदाराची पाटी खाली सिमेंटमध्ये, ही काय तऱ्हा? उलट २०२४ साली पंढरीच्या देवळात जतनाचे काम झाले तेव्हा मागाहून बसवलेल्या फरश्या, ग्रॅनाइट काढून मूळ काळा पाषाण मोकळा केला. काही आठवडे पदस्पर्शदर्शन बंद होते, लोकांनी ते सोसले. त्याच कामात तळघर उघडे पडले, मूर्ती निघाल्या. जाणती माणसे हजर होती म्हणून त्यांची रीतसर नोंद झाली. एखाद्या खेड्यात असे तळघर निघाले असते तर काय झाले असते, याचा विचार करा.

म्हणून गावच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे. पाया खणताना, विहीर उपसताना अक्षरांचा किंवा कोरीव दगड निघाला, तर काम थांबवून तहसीलदारांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. असा ठेवा कळवावा असा १८७८ चा कायदाच आहे. लेखाला तेल, शेंदूर, चुना लावू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खिळ्याने कोरू तर मुळीच नये. धुवायचाच तर साध्या पाण्याने, मऊ कापडाने. जुन्या फडांकडे अभंगांची हस्तलिखित बाडे आहेत, त्यांनाही वाळवी लागते आहे. ती कपाटात पूजून ठेवण्यापेक्षा त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत.

आणि कीर्तनकारांनो, हे काम तुमचे अधिक. ज्या गावी सेवा असेल, तिथला एक लेख, एक वीरगळ, एक बारव आधी पाहून या. अभंगाच्या निरूपणात दोन मिनिटे त्यावर बोला. सरकारी पाटी गावकरी वाचत नाहीत, पण बुवा सांगतात ते घरी जाऊन पोरांना सांगतात. आपल्या गावच्या दगडाचे नाव कीर्तनात निघाले, की दुसऱ्या दिवशी कोणी त्याच्यावर पखवाज टेकवत नाही.

येत्या आषाढीला वेळापूरचा मुक्काम येईल. समाजआरतीला अवकाश असेल तेव्हा दिंडीतली चार पोरे बरोबर घ्या, एखाद्या जाणत्या गावकऱ्याला विचारा आणि देवळाकडे चला. लेखापुढे बॅटरी आडवी धरा, समोरून नको. उजेड तिरपा पडला की झिजलेले अक्षरही सावलीने उठून दिसते.