स्वर्गाचं राज्य आणि गावकुसाबाहेरची माणसं

माणूस कशासाठी आहे? आणि त्याचं शेवटी काय होणार?

स्कॉटलंडच्या चर्चनं सतराव्या शतकात पोरांना धर्म शिकवायला एक छोटी प्रश्नोत्तरी स्वीकारली, तिचा पहिलाच प्रश्न या अर्थाचा आहे. उत्तर एका वाक्याचं. देवाचा गौरव करावा आणि त्याच्या सहवासाचा आनंद कायमचा घ्यावा, माणूस त्यासाठी आहे. कॅथॉलिकांची शिकवणही याच वाटेनं जाते. देवाला ओळखा, त्याच्यावर प्रेम करा, त्याची सेवा करा, शेवटी त्याच्यापाशी राहा.

मित्रहो, तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपण देव मानत नाही, आत्मा मानत नाही. बावीस प्रतिज्ञांची माणसं आपण. कबूल. मीही त्यातलाच. पण आपल्याच महारवाड्यातली, मांगवाड्यातली हजारो माणसं शे-दीडशे वर्षांपूर्वी या उत्तरामागं गेली. आपण त्यांना काय म्हणतो? ‘पावाला बाटलेले.’ ‘दूधपावडरीचे ख्रिस्ती.’ हे शब्द आपले नाहीत. ते वाड्यातून आले आणि आपण ते उष्टं चघळत बसलो. १९५६ ला आपल्या आज्या-आजोबांनी धम्म घेतला तेव्हा गाव त्यांनाही असंच हसलं होतं. म्हणून हा इतिहास एकदा नीट उलगडून बघायचा.

आधी त्यांचं म्हणणं सरळ समजून घेऊ. बायबल म्हणतं, देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला. कुणाच्या मुखातून कुणी, पायातून कुणी, असला प्रकार नाही. एकच माती, एकच फुंकर. मग माणूस पापात पडला, देवापासून तुटला. येशू क्रुसावर मेला आणि उठला, त्यानं ती तूट भरून निघाली. पूर्वेकडच्या चर्चचे जुने आचार्य तर याहून पुढं गेले. चौथ्या शतकातला अथनासियस म्हणतो, देव माणूस झाला तो माणसानं देवाच्या जीवनात वाटेकरी व्हावं म्हणून.

आणि शेवट? आपल्याला वाटतं, मेल्यावर ढगात जायचं, वीणा वाजवायची. तसं नाही. त्यांच्या श्रद्धेत शरीर उठतं. म्हणजे हेच अंग, हेच हात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तर माणसं वर जात नाहीत, देवाचं नगर खाली उतरतं. त्या नगरात देऊळ नाही. त्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत. देव माणसांत राहायला येतो आणि त्यांचे डोळे पुसतो.

आता हे चित्र गावकुसाबाहेर बसून बघा. ज्याला देवळात पाय ठेवता येत नाही, ज्याला वेशीच्या आत घेत नाहीत, ज्याच्या अंगाचा विटाळ होतो, त्याला कुणी सांगतंय की शेवटाला देऊळ नाही, वेस उघडी आहे आणि तुझं हे अंग देवाला हवंय. या शब्दांची भूक पावाच्या भुकेएवढीच खरी होती. आणि पावाची भूक तरी काय पाप आहे का?

पुण्यातच बघू. पेशवाईनं माणूस कशासाठी याचं उत्तर जातीवर देऊन ठेवलं होतं. बामणाचा हेतू वेगळा, महाराचा वेगळा. महाराच्या गळ्यात गाडगं आणि कमरेला खराटा, हाच त्याचा हेतू आणि हाच त्याचा शेवट. पेशवाई १८१८ ला बुडाली. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवेचा निबंध दोन भागांत छापून आला. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. पत्र अमेरिकन मिशनऱ्यांचं.

त्या पोरीनं गुलटेकडीच्या मैदानावर आपल्या माणसांच्या मुंडक्यांचे चेंडू केल्याचं लिहिलं. इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरल्याचं लिहिलं. आणि मग मुळालाच हात घातला. प्रत्येकाचं आपलं आपलं धर्मपुस्तक आहे, वेद तर बामण स्वतःचे म्हणतात, मग आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो. आमचा धर्म कोणता, हे देवा, तूच सांग. एकानं उपभोगायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडं बघायचं असला धर्म तिला नको होता. मी तिचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतोय, तिचा निबंध तुम्ही मुळातून वाचा. मिशनऱ्यांच्या पत्रात छापून आलं म्हणून ते मिशनऱ्यांचं झालं नाही. मांगाच्या पोरीनं देवाला विचारलेला तो जाब आहे.

तिचे गुरू जोतिबा १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बायबल त्यांच्या ओळखीचं होतं. पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी केलं ते वेगळंच. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसवलं. बळीचं राज्य परत यावं म्हणून आपल्या आयाबाया सणाला ओवाळतात ना, त्या बळीच्या. ख्रिस्ती माणूस देवाच्या राज्याची वाट बघतो, कुणबी बळीच्या राज्याची. जोतिबांनी दोन्ही वाटा एका बांधावर आणून जोडल्या आणि राज्य आभाळातून शेतात उतरवलं. त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, जे त्यांच्या मरणानंतर १८९१ ला निघालं, एकाच घरात कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, कुणी बौद्ध होऊन गुण्यागोविंदानं नांदू शकतं. निर्मिक एक, त्याची लेकरं सगळी. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायची अट त्यात नाही.

आता वरच्या जातीतून गेलेल्यांकडं बघू, कारण इथं एक मुद्दा सापडतो. नीळकंठ गोऱ्हे, चित्पावन, काशीत वाढलेला पंडित. १८४८ ला ख्रिस्ती झाला, पुढं नेहेम्या गोरे म्हणून पुण्याच्या पंचहौद मिशनात राहिला. त्यानं १८६० च्या ‘षड्दर्शन दर्पण’मध्ये सहा दर्शनांच्या मोक्षावरच वाद घातला. जीव ब्रह्मात विरून गेला तर सुख भोगायला उरतं कोण? ख्रिस्ती शेवटात माणूस विरत नाही, माणूस माणूसच राहतो आणि देवासमोर उभा राहतो. वाद पंडिती आहे, पण आत काहीतरी आहे.

याच गोऱ्हेंचा पंडिता रमाबाईंवर परिणाम झाला. रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की शास्त्रं वाचता वाचता त्यांना काय दिसलं. बाईला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, तिचा देव नवरा. शूद्राला वेद नाही, म्हणून मोक्षही नाही, आधी वरच्या जातीत जन्म घेऊन यायचं. बघा, नीट बघा. पाणवठ्याला जात होती, देवळाला जात होती हे आपल्याला ठाऊक होतं. मोक्षालाही जात होती! माणसाचा शेवटसुद्धा वाटून घेतलेला. रमाबाईंना हे बोचलं आणि सगळ्यांना एकच शेवट सांगणारा धर्म त्यांनी धरला.

त्यांचं शारदा सदन १८८९ ला मुंबईत निघालं, दुसऱ्या वर्षी पुण्यात आलं. ते मुख्यतः वरच्या जातीतल्या विधवांसाठी. पण १८९६-९७ च्या दुष्काळानं शेकडो पोरीबाळी रस्त्यावर आणल्या, तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जे उभं राहिलं त्यात जात विचारत बसायला सवड नव्हती. त्याचं नाव ‘मुक्ती’. मेल्यानंतरची मुक्ती त्यांना मान्य होतीच, पण त्या मुक्तीत पोरी छपाई शिकल्या, विणकाम शिकल्या, शेती शिकल्या. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बाईला कळेल असं मराठी बायबल केलं. १९२२ ला त्या गेल्या.

आणि त्याच वेळी पुण्याचे पुढारी काय करत होते? १८९० ला पंचहौद मिशनात रानडे, टिळक आणि इतर मंडळींपुढं चहा आला. त्यावर ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. अख्खं शहर एका कपावरून पेटलं. महाराला हौदाचं पाणी मिळतं का, यावर नाही पेटलं.

आता आपली माणसं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडं आले ते बहुतेक महार आणि मांग. आमच्या रिंगखात्यात तिकडचा एक ख्रिस्ती कामगार आहे. तिसऱ्या पाळीला, बॉबिनी भरता भरता, त्याला विचारलं, तुझे लोक का रे झाले ख्रिस्ती? तो म्हणाला, ‘‘आमची पणजी सांगायची म्हणं, पाटलाच्या दारात उन्हात उभं राहायचो, देवाच्या घरी सतरंजीवर बसलो. मास्तरनं शेजारी बसवलं. बस, एवढंच.’’ स्वर्गाचं तिनं काय सांगितलं, विचारलं. तर म्हणाला, ‘‘ती म्हणायची, तिथं बी सतरंजी असंल.’’

पोथ्या वाचून मला जे कळलं नसतं ते त्या म्हातारीनं सांगितलं. शेवट सगळ्यांचा एक असेल तर आजची बसायची जागाही एक पाहिजे.

पण चर्चनं ही सतरंजी राखली का? सगळीकडं नाही. गोव्यात पाच शतकांपासून बामण आणि चारडो ख्रिस्ती होऊनही बामण आणि चारडोच राहिले. त्यांच्या धार्मिक संघांतही जात शिरली. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला मेलापुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या आणि सवर्णांच्या कबरींमध्ये भिंत घातली होती, ती पाडा म्हणून दलित ख्रिस्ती लढले. ज्या मातीतून सगळे एका हाकेसरशी उठणार, तिलाच कुंपण! उठायच्या दिवशीही रांगा वेगळ्या लावणार होते काय?

बाबासाहेबांनी हे सगळं बघितलं होतं. १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाल्यावर ख्रिस्ती मिशनरीही त्यांच्याकडं आले. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या अवस्थेवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी लेख सरकारनं १९८९ ला समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात छापला. त्यातला वार थेट आहे. हिंदू असताना अस्पृश्याला शिकवलं, तुझी दुर्दशा तुझ्या कर्मानं. ख्रिस्ती झाल्यावर शिकवलं, तुझी दुर्दशा मूळ पूर्वजाच्या पापानं. दोन्हीकडं दोष त्याचाच. भोवतालची समाजरचना चुकीची आहे, ती बदल, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मग तो लढेल कशाला? क्षमा मागत बसेल.

म्हणून बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात वेगळी वाट धरली. धम्म म्हणजे माणसाचं माणसाशी नातं. जग कुणी निर्माण केलं हा त्याचा प्रश्न नाही, जगाची पुनर्रचना कशी करायची हा आहे. माणूस कशासाठी, याचं आपलं उत्तर हे आहे आणि मला ते पुरतं.

पण वार केला म्हणजे माणसं संपत नाहीत. त्या वाराला आतून जबाब देणारीही निघाली. अमेरिकेतले काळे गुलाम कनानला जायची गाणी म्हणायचे तेव्हा कनान म्हणजे उत्तरेकडची मोकळी भूमी असायची, हे फ्रेडरिक डग्लसनं स्वतः लिहून ठेवलंय. त्याच परंपरेतला जेम्स कोन १९६९ ला काळ्यांचं ईश्वरशास्त्र घेऊन उभा राहिला. पेरूच्या गुस्तावो गुतिएरेझनं १९७१ ला लिहिलं की तारण याच इतिहासात सुरू होतं. आणि आपल्याकडं अरविंद निर्मळांनी १९८१ ला बंगळूरच्या भाषणातून दलित ईश्वरशास्त्राला तोंड फोडलं. त्यांचा येशू दलित आहे, त्यांचा देव सेवा करणारा, राबणारा आहे. पापाचा हिशेब त्यांनी दलितांच्या माथ्यावरून काढून व्यवस्थेच्या माथ्यावर मांडला. बाबासाहेबांना पाहिजे होतं ते हेच नव्हतं का?

आता रोकडा सवाल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा जवळजवळ फक्त हिंदूंना दिला. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवणाऱ्या एका ख्रिस्ती चांभाराला सरकारी योजनेतली टपरी मिळाली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ ला हरला. न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेवढंच मागासलेपण राहतं हे दाखवून दे. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हटलं. २०२२ ला सरकारनं बालकृष्णन आयोग नेमला. जोडे तेच, आरी तीच, रस्ता तोच.

१९९० पर्यंत ३४ वर्षं आपणही याच दारात उभे होतो. आत आल्यावर दार लावून घ्यायचं ही कुणाची रीत, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. देवाबद्दल त्यांच्याशी भांडू, खुशाल भांडू, रात्ररात्र भांडू. पण त्यांच्या हक्काच्या मोर्चात आपला निळा झेंडा दिसला पाहिजे. आणि पुढच्या अभ्यासवर्गात कुणी ‘पावाला बाटलेले’ म्हणालाच, तर त्याच्या हातात मुक्ता साळवेचा निबंध द्या आणि मोठ्यानं वाचायला लावा.

जयभीम.