देवयानीचा हिशोब

मागच्या विज्ञान दिनाला आमच्या बचत गटातल्या बायकांना घेऊन मी नारायणगावजवळच्या खोडदला गेले होते. ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आहेत तिथे; आसपासच्या गावांतल्या धरून ३०. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात. दूरच्या दीर्घिकांमध्ये, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांमध्ये, हायड्रोजन वायू किती वेगाने फिरतो तेही त्यातून कळतं, असं तिथे सांगितलं. आमच्या एक ताई पटकन म्हणाल्या, "वायूचा वेग मोजून मिळतं काय?" मला काही उत्तर देता आलं नाही. माझं बी.ए. इतिहासात. म्हणून घरी येऊन इतिहासच शोधला, तर त्यात व्हेरा रुबिन भेटल्या.

जन्म १९२८, अमेरिकेतला. लहानपणी वडिलांच्या मदतीने पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केली. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायचं होतं, पण खगोलशास्त्राच्या त्या वर्गात बायकांना प्रवेशच नव्हता. मग दुसरीकडे शिकल्या. पीएच.डी.चे वर्ग संध्याकाळचे. नवरा गाडीने सोडायचा आणि गाडीतच जेवायचा, मुलं आईकडे. १९५४ मध्ये पदवी मिळाली. १९६५ मध्ये पालोमारच्या वेधशाळेत रीतसर परवानगीने काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तिथे बायकांसाठी शौचालयच नव्हतं. त्यांनी कागदाचा छोटा स्कर्ट कापून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला, असं सांगतात. गावोगावी बैठका घेत फिरणाऱ्या बाईला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ज्या विषयात गर्दी आणि चढाओढ आहे तो त्यांना नको होता. म्हणून त्यांनी केंट फोर्ड यांच्याबरोबर देवयानी दीर्घिका निवडली. कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री ही नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. फोर्ड यांनी असं यंत्र केलं होतं की अंधुक उजेडाचाही वर्णपट कमी वेळात टिपता येई.

आता वर्णपट म्हणजे काय? चुलीत मीठ सांडलं की ज्वाळ पिवळी होते. प्रत्येक मूलद्रव्याचा असा आपला रंग असतो. तो रंग जरा निळ्याकडे सरकला तर वायू आपल्याकडे येतोय, लालकडे सरकला तर लांब जातोय. म्हणजे वायूत काय आहे आणि तो किती वेगाने पळतोय, दोन्ही एकाच पट्टीवर वाचता येतं. देवयानीच्या मध्याजवळ तर वेग मोजायला नायट्रोजनची रेघ कामी आली.

वायूत काय आहे, याची गोष्टही सुरस आहे. १९७१ मध्ये लिओनार्ड सर्ल यांनी दाखवलं की अशा चक्राकार दीर्घिकांच्या मध्याकडच्या वायूत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त, कडेला कमी. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. तारे मरतात, तो वायूत मिसळतो, त्यातून नवे तारे जन्मतात. मध्याकडच्या वायूत ताऱ्यांच्या जास्त पिढ्या मुरल्या आहेत.

पण खरा घोळ निघाला वेगात. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर पळतो, लांबचा नेपच्यून जेमतेम ५. दीर्घिकेतही कडेचा वायू असाच मंद असणार, हे सगळ्यांनी धरलेलं. रुबिन आणि फोर्ड यांनी देवयानीतले ६७ तेजस्वी वायूढग मोजले आणि १९७० मध्ये आकडे छापले. कडेचे ढगही सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास! गोफण जोरात फिरवली तर दोरी तितकीच घट्ट धरावी लागते. इथे दिसणाऱ्या ताऱ्यांचं आणि वायूचं वजन ते ढग धरून ठेवायला पुरत नव्हतं.

एका दीर्घिकेवरून कोण मानणार? त्यांनी मोजणं सुरूच ठेवलं. १९७८ मध्ये आल्बर्ट बोस्मा यांनी हॉलंडमधल्या रेडिओ दुर्बिणीने तारे विरळ होतात त्याच्याही पलीकडचा हायड्रोजन मोजला, तोही तसाच पळत होता. १९८० मध्ये रुबिन यांच्या गटाने आणखी २१ दीर्घिकांचे आकडे मांडले. मग मात्र बहुतेकांना मानावं लागलं की न दिसणारं खूप काही तिथे आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. नोबेल त्यांना मिळालं नाही, हे मला अजून खटकतं. २०१६ मध्ये त्या गेल्या.

पुढच्या बैठकीत ताईंना हे सगळं सांगितलं. कृष्णद्रव्य कशाचं बनलंय हे अजून कोणालाच सापडलेलं नाही, हेही सांगितलं. त्यांनी गटाची वही मिटली आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी पण 'इतर' असं लिहून ठेवलंय की!"