नावानिशी दिलेली मूल्ये

फंक्शनला मूल्ये पुरविताना ती केवळ अनुक्रमाने द्यावीत की प्रत्येकामागे त्याचे नाव लावावे, हा प्रश्न जुना आहे. १९६० च्या आल्गोल भाषेत दोन मूल्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी वर्णनपर अक्षरे लिहिण्याची मुभा होती. परंतु ती वाचकाच्या सोयीपुरतीच असून यंत्राच्या दरबारी त्यांना कसलाही अधिकार नव्हता. तो अधिकार पुढे कॉमन लिस्प आणि अ‍ॅडा यांनी दिला. रुबी भाषेने मात्र तो फार विलंबाने आणि बऱ्याच मनस्तापानंतर दिला, म्हणूनच तिची हकीकत मला अधिक उद्बोधक वाटते.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत नामयुक्त आर्ग्युमेंटे नव्हती. होती ती एक सवलत, की शेवटचे मूल्य हॅश, म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच, असल्यास त्याचे महिरपी कंस गाळावेत. रुबीत लिहिलेल्या रेल्स या वेब-चौकटीच्या कारागिरांनी या सवलतीवर आपल्या लेखनशैलीचा मोठा भाग उभारला. पण मेथडने स्वतः तपासणी केली नाही, तर चुकीच्या वर्णाक्षरांनी लिहिलेले नावही बिनबोभाट आत शिरे आणि अपेक्षित मूल्य जागेवर नसल्याचा पत्ता फार उशिरा लागे.

२४ फेब्रुवारी २०१३ रोजी निघालेल्या २.० आवृत्तीने खरी नामयुक्त, म्हणजेच कीवर्ड, आर्ग्युमेंटे आणली, आणि त्याच वर्षीच्या नाताळात २.१ ने ती अनिवार्य ठरविण्याचीही तजवीज केली. जुना कोड मोडू नये, या स्तुत्य हेतूने शेवटचा हॅश आपोआप कीवर्ड मानण्याचा रिवाज मात्र तसाच राहिला, आणि सर्व अनर्थाचे मूळ माझ्या मते तेथेच आहे. मेथडला एक ऐच्छिक हॅश आणि एक कीवर्ड अपेक्षित असता, कंसांसह, स्पष्ट हेतूने दिलेला हॅशही कीवर्ड म्हणून उचलला जाई. इतकेच नव्हे, तर त्यात काही चिन्हरूप आणि काही शब्दरूप किल्ल्या असल्यास त्या एकाच हॅशचे दोन तुकडे होऊन अर्धा एकीकडे नि अर्धा दुसरीकडे जाई.

अखेर २०१९ च्या नाताळात आलेल्या २.७ ने अशा प्रत्येक जागी इशारा देण्यास प्रारंभ केला. इशाऱ्यांचा भडिमार एवढा झाला, की २.७.२ मध्ये ते मुळातच बंद ठेवावे लागले. तरीही २०२० च्या नाताळात ३.० ने हॅश आणि कीवर्ड यांची सरहद्द कायमची आखली. यात सर्वांत अधिक झीज सोसावी लागली ती आलेली मूल्ये जशीच्या तशी पुढे पाठविणाऱ्या मध्यस्थ मेथडांना, त्यांच्यासाठी २.७ मध्येच तीन टिंबांची नवी खूण दिली होती. आणि जी मेथड कीवर्ड घेतच नाही, तिला कंसाविना दिलेल्या जोड्या आजही पूर्ववत हॅश म्हणूनच पोचतात.