हात लावण्याआधी

१९३० सालच्या मे महिन्यात इजिप्तमधल्या अबुकीरच्या धावपट्टीवर दोन तरुण वैमानिकांची गाठ पडली. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर, कोणत्याही दिशेने का होईना, एकट्याने विमान नेऊन पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे.आर.डी. टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले होते आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून पूर्वेकडे. अस्पींचे जिप्सी मॉथ स्पार्क प्लगांपायी अडकून पडले होते. जे.आर.डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. अस्पी उडाले आणि बक्षीसही त्यांनीच नेले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही हकीकत आपल्याकडे दिलदारीचा दाखला म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण या पुस्तकाच्या वाचकाने तिच्यातले दोन कोरडे तपशील टिपून ठेवावेत. एक, विमान कशाने अडले आहे हे अस्पींना नेमके ठाऊक होते. त्यांना हवे होते ते प्लग, नवे इंजिन नव्हे. दुसरा, सामानाचे वजन मोजूनमापून घ्यावे लागणाऱ्या त्या चिमुकल्या विमानात जे.आर.डी. यांनी काय काय टाळून प्लग मात्र बरोबर घेतले होते. दोष ओळखणे आणि विमान सजवणे, म्हणजे त्यावर काय बसवायचे ते ठरवणे, अशा दोन विद्यांचा परिचय पुढच्या पानांत आहे. वरवर त्या वेगळ्या दिसतात. माझ्या मते त्यांचे मूळ एकच, आणि ते म्हणजे हाताला आवर घालणे.

या विषयाचे माहेर अमेरिका. खासगी मालकीची लहान विमाने तिथे जेवढी आहेत तेवढी अन्यत्र कुठेही नाहीत. एकट्या सेस्ना १७२ या चार आसनी विमानाच्या ४४ हजारांहून अधिक प्रती बनल्या. पण त्यांतली बहुसंख्य विमाने जुनी आहेत. १९८६ साली नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून सेस्नाने अशी विमाने बनवणेच बंद केले. १९९४ च्या कायद्याने उत्पादकाच्या जबाबदारीला अठरा वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा कुठे कारखाना पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात मालकांनी आपापली जुनी विमाने जपली, आणि त्या जपण्यातून हे ज्ञान साठत गेले. मराठी वाचकाला ते परके वाटायचे कारण नाही. बारामती किंवा धुळ्याच्या धावपट्टीवर शिकणाऱ्या मुलामुलींचे बोट ठिणगीची वीज बनवणाऱ्या ज्या मॅग्नेटोच्या किल्लीवर असते, तीच किल्ली चौघांत मिळून एक विमान घेतलेल्या टेक्सासमधल्या आपल्या मराठी मंडळींच्याही हाती असते.

प्रथम एक अस्वस्थ करणारी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनारी हवाई दलाची विमाने पाणबुड्यांच्या मागावर असत, आणि त्यांतली बरीचशी दुरुस्तीसाठी जमिनीवरच अडकून पडत. कारण शोधायला बसलेल्या शास्त्रज्ञांत सी. एच. वॉडिंग्टन होते. पेशाने जीवशास्त्रज्ञ. दर ५० तासांनी विमानाची ठरलेली तपासणी होई. तपासणीनंतर किती तासांनी कोणता बिघाड झाला, याचा आलेख त्यांनी काढला. तपासणी उपयोगी असेल तर लगेचच्या तासांत बिघाड कमी असायला हवेत आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे ते वाढायला हवेत. आलेख उलटा निघाला. सर्वांत जास्त बिघाड तपासणीच्या लगेच नंतरचे होते आणि मग ते उतरत जात होते. बरे चाललेले उघडून पाहण्याच्या नादात माणसे नवे बिघाड घालत होती. तपासणीतले अंतर वाढवले आणि उड्डाणाचे तास वाढले. वॉडिंग्टन यांचे यावरचे पुस्तक १९७३ साली बाहेर आले.

१९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालातही हाच सूर आहे. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी केवळ ११ टक्के भाग वयोमानाने झिजून निकामी होण्याकडे झुकत होते. उरलेल्यांना 'इतके तास झाले, बदला' हा नियम लावून काहीच पदरात पडत नव्हते. उलट ६८ टक्के भाग नवे असताना जास्त दगा देत. मोठ्या विमान कंपन्यांनी हा धडा केव्हाच घेतला. लहान विमानांच्या मालकांपर्यंत तो अजून पुरता झिरपलेला नाही. हाताशी पैसा असलेला हौशी मालक तर त्याला सर्वांत जास्त विरोध करतो, कारण काहीतरी बदलून टाकल्याने त्याला रात्री झोप लागते.

मग हात न लावता करायचे काय? पाहायचे. एकच उदाहरण जरा जवळून घेऊ.

लायकॉमिंग कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात आठ स्पार्क प्लग असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन. दोन मॅग्नेटो, प्रत्येक मॅग्नेटो प्रत्येक सिलिंडरमधला एकेक प्लग पेटवतो. उड्डाणापूर्वी इंजिन १७०० किंवा १८०० आरपीएमवर नेऊन किल्ली आळीपाळीने एकेका मॅग्नेटोवर फिरवतात. एकाच प्लगवर ज्वलन जरा रेंगाळते, म्हणून फेरे थोडे घटतात, आणि ते घटायलाच हवेत. समजा डाव्यावर ६० घटले आणि उजव्यावर २०० घटून विमान थरथरू लागले. अनुभव नसलेला मालक लगेच म्हणतो, उजवा मॅग्नेटो गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! थरथर आहे याचा अर्थ एखादा सिलिंडर पेटतच नाही. चारही सिलिंडर उशिरा पेटत असते, म्हणजे मॅग्नेटोचे टायमिंग चुकले असते, तर फेरे घटले असते पण सुरळीत घटले असते. आणि फेरे अजिबात घटलेच नाहीत तर खूश होऊ नये. ती सर्वांत वाईट बातमी. किल्ली बंद केली तरी तो मॅग्नेटो जिवंतच राहतो अशी शंका तिथे घ्यायची, आणि तसा मॅग्नेटो म्हणजे हँगरमध्ये कोणी सहज पंखा फिरवला तरी इंजिन झटका देऊन माणसाचा हात तोडू शकते.

थरथरणाऱ्या इंजिनाकडे परत येऊ. या इंजिनांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते आणि त्याचे कण प्लगच्या टोकाशी साचतात. खालच्या प्लगांवर तेलही ओघळते, त्यामुळे ते अधिक काळवंडतात. म्हणून पहिला उपाय साधनपेटीत नसून कॉकपिटमध्येच असतो. फेरे थोडे वाढवायचे, मिक्स्चर पातळ करायचे आणि मिनिटभर तसेच चालवून ते किटण जाळून टाकायचे. बऱ्याचदा काम भागते. नाही भागले तर कोणता सिलिंडर थंड आहे ते शोधायचे. आधुनिक विमानांत प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान पडद्यावर दिसते. त्या मॅग्नेटोवर किल्ली असताना जो स्तंभ कोसळेल तो गुन्हेगार. जुने मेकॅनिक इंजिन त्याच मॅग्नेटोवर थोडे चालवून बंद करत आणि कोणती एक्झॉस्ट नळी कमी तापली आहे ते पाहत. आता संशयित प्लग काढून शेजारच्या सिलिंडरमधल्या प्लगशी अदलाबदल करायची. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला तर वायर किंवा मॅग्नेटो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढेच यातले शास्त्र. तरीही घाईच्या दिवशी ते पाळणारे फार थोडे भेटतात.

काही दोष हातात पुरावाच ठेवत नाहीत. कार्ब्युरेटरमधले बर्फ हा त्यांचा मुकुटमणी. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद घशातून हवा जाताना तापमानात ३० अंशांची घसरण होऊ शकते, त्यामुळे बाहेर २० अंश आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरते. इंजिन खोकते, वैमानिक कसाबसा उतरतो, मेकॅनिक येईपर्यंत बर्फ वितळून गेलेले असते आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असे लिहिले जाते. यावरचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणे, आणि त्याची गंमत अशी की गरम हवेचा दांडा ओढल्यावर इंजिन आधी जास्तच खडखडते, कारण वितळलेले पाणी त्यातूनच जात असते. घाबरून दांडा परत ढकलणारा शिकाऊ वैमानिक स्वतःचा उपाय स्वतःच मोडतो. म्हणून लॉगबुकात 'इंजिन नीट चालत नाही' असे कधीही लिहू नये. उंची किती, बाहेरचे तापमान किती, आरपीएम किती, मिक्स्चर कुठे, आणि काय केल्यावर बरे वाटले, एवढे लिहावे. वेगासाठी हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळीत कुंभारमाशीने घर केले की वेगमापक खोटे बोलतो, हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. त्या नळीवरचे लाल फडके उभ्या विमानावर चढवणे आणि उड्डाणाआधी आठवणीने काढणे, हाही याच शास्त्राचा भाग.

हात आवरणे म्हणजे विमान नुसते उभे करून ठेवणे नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट इंजिनात वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि गंज चढतो. जुहूसारख्या समुद्राला लागून असलेल्या विमानतळावर तर विचारायलाच नको. न उडवलेले इंजिन उडवलेल्या इंजिनापेक्षा लवकर म्हातारे होते. तेल बदलताना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा दिसतो का ते पाहणे आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे, या दोन स्वस्त सवयी त्यासाठीच. तेलात लोखंड वाढले तर काय झिजते आहे आणि सिलिकॉन वाढले तर धूळ कुठून शिरते आहे, याचा विचार चौथ्या प्रकरणात आहे.

आता सजावट. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानावर तीनच उपकरणे होती: वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना लिंडबर्गने रेडिओ आणि पॅराशूट दोन्ही मागे ठेवले, कारण तेवढे वजन त्याला पेट्रोलला द्यायचे होते. आजच्या मालकाचा प्रश्न बरोबर उलटा. त्याला काहीच मागे ठेवायचे नसते. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या नमुन्याचे कमाल वजन २५५० पौंड. एक गॅलन एव्हगॅस सुमारे ६ पौंडांचे. म्हणजे १८ पौंडांचा हौसेचा ऐवज बसवला की टाकी भरताना तीन गॅलन, किंवा दर उड्डाणाला सोबत्याची एक बॅग, कायमची गेली. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. त्यातही वजन कुठे बसले हे महत्त्वाचे. तेच १८ पौंड शेपटीकडे बसवले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल हरपल्यावर, सावरायला नाखूश होते. म्हणून प्रत्येक बदलानंतर रिकाम्या विमानाचे वजन आणि मोमेंट नव्याने मांडावे लागतात.

सगळी नवी साधने वर्ज्य आहेत असे मुळीच नाही. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित अवकाशात विमानाने आपली जागा स्वतः प्रसारित करणे सक्तीचे झाले. त्यासाठीचे उपकरण बसवावेच लागते. २०१६ पासून जुन्या विमानांतही इलेक्ट्रॉनिक क्षितिजदर्शक बसवण्याची वाट मोकळी झाली, आणि माझ्या लेखी गेल्या काही दशकांतली ही सर्वांत भली सजावट, कारण ती वजा करू देते. जुना क्षितिजदर्शक चालवणारा इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप, जो कसलीही सूचना न देता ढगातच बंद पडायचा, तो नळ्यांसकट काढून टाकता येतो. पॅनलमागे हात घालाल तर मागच्या तीन-चार मालकांनी कापून तशाच सोडलेल्या मुक्या वायरींची जुडी लागेल. नवे काही बसवण्याआधी ती काढा. वजनही उतरेल आणि पुढच्या बिघाडाचा शोधही निम्म्यावर येईल.

कायद्याविषयी थोडक्यात. अमेरिकेत वैमानिक-मालकाला स्वतःच्या विमानावर तीसेक किरकोळ कामे करायची मुभा आहे. टायर, तेल, प्लग ही त्यांतली. ती करून लॉगबुकात सही ठोकणे त्याच्यावर बंधनकारक आहे. वार्षिक तपासणी मात्र परवानाधारकाचीच. आपल्याकडे ही सूट जवळपास नाही, परवानाधारक इंजिनिअरच्या सहीवाचून विमान हलत नाही. स्वतः बांधलेल्या विमानाचा पंथ निराळा. १९५३ साली पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिनमध्ये अशा हौशी मंडळींची संघटना काढली. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम स्वतः केलेल्या बांधकऱ्याला त्या विमानाच्या वार्षिक तपासणीचाही हक्क मिळू शकतो. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना २०१७ मध्ये नोंदणी मिळेपर्यंत किती उंबरे झिजवावे लागले, हे मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहेच. राइट बंधूंचे एक बरे होते. प्रोपेलरच्या शाफ्टवरची दातेरी चाके ढिली पडली तेव्हा त्यांनी सायकलच्या टायरला लावायचे सिमेंट आणून ती घट्ट चिकटवली, आणि कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

नव्याने येणाऱ्यासाठी इथे अजून भरपूर काम शिल्लक आहे. शिसेयुक्त एव्हगॅस २०३० अखेरपर्यंत हद्दपार करण्याचे अमेरिकेचे उद्दिष्ट आहे. २०२३ च्या जूनमध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपली शिकवणीची विमाने बिनशिशाच्या पेट्रोलवर नेली आणि ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा जुन्या इंधनावर आणली. इंजिने उडताना काहीच तक्रार करत नव्हती. पण तिथल्या मेकॅनिकांनी झडपांचे अंतर मोजले, तेव्हा एक्झॉस्ट झडपांच्या बैठका खचू लागल्याचे त्यांना आढळले. शिसे तिथे वंगणासारखे काम करत होते का, की नव्या इंधनाची घडणच वेगळी, की पातळ मिक्स्चरवर उडवण्याच्या सवयीचा त्यात वाटा होता, यावर वाद चालू आहे. ज्यांना त्यात पडायचे असेल त्यांनी फीलर गेजने झडपांचे अंतर मोजायला शिकून घ्यावे. पद्धत सहाव्या प्रकरणात आकृतीसह दिली आहे.