चुकीच्या चिठ्ठीची बाटली #थ्रेड

विज्ञानेतिहासात ‘योगायोग’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. तरीही लंडनच्या मिल हिल येथील एका बाटलीची कथा सांगितलीच पाहिजे.

बर्फाच्या गारठ्यात निश्चल झालेले शुक्राणू ऊब मिळताच पुन्हा हालचाल करतात, हे इटलीच्या स्पालान्झानीने १७७६ मध्येच नोंदवले होते. खोल थंडीत मात्र पेशीतील पाण्याचे स्फटिक होत आणि पेशी मरत.

१९४८ च्या सुमारास ख्रिस्तोफर पोल्ज व ऑड्री स्मिथ हे कोंबड्याचे वीर्य फळसाखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. यश येईना. द्रावणे शीतगृहात ठेवून दिली गेली. काही महिन्यांनी त्याच साठ्यातील बाटली वापरली, तेव्हा शुक्राणू −७९ अंशांवरून परत आले! ताजी साखर विरघळवून पाहिली, तर पुन्हा अपयश. तळाशी उरलेल्या थोड्याशा द्रवाचे पृथक्करण केले, तर त्यात साखरच नव्हती. होते ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर छेद चिकटवण्याचे मिश्रण. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

हा निव्वळ नशिबाचा खेळ होता, असे मला वाटत नाही. अनपेक्षित यश पदरात पाडून घेऊन स्वस्थ बसण्याऐवजी त्यांनी बाटलीवरच संशय घेतला. पार्क्स यांच्यासह त्यांचा निबंध १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, १९५१ मध्ये गोठवलेल्या वीर्यापासून जन्मलेल्या वासराची नोंद झाली. ग्लिसरॉल पेशीला का वाचवते, याचा उलगडा १९५३ मध्ये रक्तपेशींवर काम करणाऱ्या जेम्स लव्हलॉक यांनी केला: पाणी गोठताना उरलेल्या द्रवात क्षार साचतात, आणि तेच पेशीचा घात करतात. (होय, ‘गाया’वाले लव्हलॉक!)

पुढे कोरड्या बर्फाची जागा −१९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने घेतली. आपल्याकडे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने गोठीत रेतमात्रा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेल्या.

वन्य प्राण्यांचे गणित अवघड. एका जातीची कृती दुसरीला लागू पडेलच असे नाही. अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटची सारी पैदास १९८० च्या दशकात वायोमिंगमध्ये पकडलेल्या अवघ्या १८ प्राण्यांवर उभी राहिली. १० ते २० वर्षे गोठवलेल्या वीर्यापासून त्यांची आठ पिल्ले जन्मल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हरवत चाललेले जनुकवैविध्य थोडे परत आले.